ब्लॅक सॅबथचे एकोणीस अल्बम: काही महिने सलग ऐकल्यानंतर

पहिली सूचना इक्वलायझरची, म्हणजे आवाजातले खालचे-वरचे स्वर कमीजास्त करण्याच्या सोयीची. हेवी मेटल म्हणून ‘बास बूस्ट’ (खालचे स्वर वाढवणं) लावाल तर बास गिटार वाजवणारा गीझर बटलर हरवेल. तो खालून नुसती साथ देत नाही, गिटारच्या बरोबरीने पट्टीभर फिरतो आणि त्याचं बरंचसं वाजवणं मध्यम स्वरांत आहे. ‘एन.आय.बी.’ हे गाणं बूस्ट काढून ऐका, फरक लगेच कळेल.

बर्मिंगहॅमच्या या बँडचा आवाज एका अपघातातून घडला. पत्र्याच्या कारखान्यात गिटारवादक टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. वितळवलेल्या प्लॅस्टिकच्या टोप्या बोटांवर चढवून आणि बारीक तारा लावून त्याने वाजवणं चालू ठेवलं. १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’त काही गाण्यांना गिटार दीड स्वर खाली उतरवली, की तारा अजून मऊ. ‘इन्टू द व्हॉइड’चा जडपणा तिथला.

गिटारवर सोबत वाजवायचं असेल तर जाड तारेपासून सी शार्प, एफ शार्प, बी, ई, जी शार्प, सी शार्प असं लावा. नऊच्या (बारीक तारांच्या) सेटवर तारा लोंबतात, फ्रेटवर (पट्टीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) खरखरतात आणि जोरात दाबलं की सूर वर चढतो. अकराचा, म्हणजे जाड तारांचा सेट बरा. मात्र त्यानंतर गिटारच्या मानेचा बाक आणि ब्रिजवरचं इन्टोनेशन (पट्टीभर सूर बरोबर लागतो का ते) पुन्हा तपासावं लागतं. आयोमी स्वतः बारीक तारांवर वाजवतो हे खरं, पण तो हलक्या हाताने दाबतो. आपण तसं दाबत नाही.

१९७० ते ७५चे सहा अल्बम कितीही वेळा ऐकले तरी झिजत नाहीत. ‘सॅबोटाज’ला मिळायला हवा तेवढा मान मिळत नाही. पुढचे दोन तुकड्यातुकड्यानेच चांगले. १९७९मध्ये गायक ऑझी ऑस्बोर्न बँडबाहेर गेला, त्याच्या जागी रॉनी जेम्स डिओ आला आणि ‘हेवन अँड हेल’पासून (१९८०) हा जवळजवळ दुसराच बँड: चाल वेगवान, गायन रिफच्या (गिटारच्या पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या धुनीच्या) मागे न जाता स्वतंत्र धावतं. ऑझीची सवय झालेल्या कानाला चार-पाच दिवस द्या. ‘बॉर्न अगेन’मध्ये (१९८३) नवा गायक इयन गिलनचा गळा जबरदस्त, मिक्स (वाद्यं आणि आवाज यांची जुळणी) मात्र गढूळ, कुठलाही हेडफोन ते साफ करत नाही.

नंतरचा गायक टोनी मार्टिनच्या काळातले बरेच अल्बम वर्षानुवर्षं सहज मिळत नव्हते. २०२४च्या ‘अ‍ॅनो डॉमिनी’ संचात चार आले. त्यात ‘हेडलेस क्रॉस’ आधी घ्या. ‘फॉरबिडन’ आयोमीने नव्याने मिक्स केलाय, आता निदान ड्रम ऐकू येतात. गाणी होती तशीच.

‘१३’मध्ये (२०१३) मूळ ड्रमर बिल वॉर्ड नाही, त्याच्या जागी ब्रॅड विल्क. रिफ जुन्या तोडीचे, पण मास्टरिंग (आवाजावरचा शेवटचा हात) इतकं दाबलेलं, सगळं सारखंच मोठ्याने, की पाऊण तासात कान थकतात. दोन बैठकांत ऐका.