आयसीएमआर की नाइस: गाईडलाइन कुणाची धरावी?

नव्याने प्रॅक्टिस टाकलेले मित्र हे हमखास विचारतात: उपचार ठरवताना आपल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं (आयसीएमआर) ऐकावं, की इंग्लंडमध्ये उपचारांच्या गाईडलाइन काढणाऱ्या नाइस या संस्थेचं? कुठे काय मिळतं हे त्यांना ठाऊक असतंच. भरवसा कुणावर ठेवायचा, एवढाच प्रश्न असतो.

रोजच्या ओपीडीत आयसीएमआरचे एकपानी तक्ते उजवे, यात वाद नाही. आपल्याकडची औषधं आणि तपासण्या डोळ्यांसमोर ठेवून ते केलेत, पेशंट वरच्या रुग्णालयात कधी पाठवायचा हेही त्यात असतं. नाइसचं सगळं ब्रिटनच्या एनएचएसला, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेला धरून. तिथली तपासणी आपल्या पेशंटला परवडेलच असं नाही.

मला खटकतं ते वेगळंच. आपल्याकडे शिफारस का टिकली आणि का गेली, याचा पत्ता लागत नाही. कोविडमधून बऱ्या झालेल्यांचा प्लाझ्मा (रक्तातला द्रव) रुग्णाला द्यायचे, त्याचंच घ्या. ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांवर आयसीएमआरनेच चाचणी केली. मृत्यू किंवा आजार बळावणं त्याने कमी होत नाही, हे ऑक्टोबर २०२० मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापूनही आलं. तरी कोविडच्या राष्ट्रीय गाईडलाइनमधून प्लाझ्मा निघाला तो मे २०२१ मध्ये. दुसऱ्या लाटेत नातेवाईक रात्री-अपरात्री फोन करायचे, ‘डॉक्टर, बी पॉझिटिव्हचा डोनर बघा ना!’ उपयोग नाही म्हटलं, की उत्तर तयार: ‘सरकारी गाईडलाइनमध्ये आहे की!’ ऑफ-लेबल (त्या आजारासाठी रीतसर मंजुरी नसलेला वापर) म्हणून का होईना, होताच. बरं, आयसीएमआरचे महासंचालक हेच केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाचे सचिव. माणूस कितीही सरळ असो, सरकारला न रुचणारं बोलायचं कुणी?

नाइस तरी कुठे सोवळी आहे म्हणा. पैसा सरकारचाच. तिने नाकारलेल्या कॅन्सरच्या औषधांसाठी इंग्लंडच्या सरकारने २०११ मध्ये वेगळा निधी काढला होता. पण तिथली ओढाताण निदान दिसते. दीर्घ थकव्याच्या आजारावरची गाईडलाइन ऑगस्ट २०२१ मध्ये प्रसिद्धीच्या आदल्या दिवशी रोखली गेली. ऑक्टोबरअखेर आली, तेव्हा टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवण्याची जुनी शिफारस त्यात नव्हती. तिच्या मसुद्यावरच्या हरकती मी चाळल्या आहेत. कोणत्या संस्थेने काय म्हटलं ते नावानिशी, आणि शेजारच्या रकान्यात समितीचं उत्तर. पटो न पटो, कारण वाचता येतं. समितीत कुणाचे कुठे हितसंबंध आहेत, तेही जाहीर.

तुमची प्रॅक्टिस प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसी) असेल तर आयसीएमआरचा तक्ता टेबलावर असूच द्या, माझ्याही आहे. पण दोघांचं जुळत नसेल आणि पेशंटचा मुलगा ‘असं का?’ विचारत समोर बसला असेल, तर मी आपला नाइसचं पान उघडतो.