सात महिन्यांत काय टिकलं, काय फाटलं: पोरीच्या बॉक्सिंगचा हिशेब

मी घरी ब्लाउज शिवते. बॉक्सिंगमधलं मला काही कळत नाही, पण शिलाई कळते. तेव्हा हा अनुभव शिलाईवाल्या बाईचा आहे, असं समजूनच वाचा.

पोरगी चौदा वर्षांची, वजन ४६ किलो. आमच्या नागपूरच्याच बॉक्सर अल्फिया पठाणने २०२१ मध्ये पोलंडला युवा जागतिक स्पर्धेत सुवर्ण जिंकलं, त्याचा व्हिडिओ हिने कुठेतरी पाहिला आणि माझ्या मागे लागली. डिसेंबरात महिन्याला पाचशे रुपये फीचा एक क्लास मिळाला. पहिला महिनाभर मी एका रुपयाचंही सामान घेतलं नाही. तेव्हा दोरीवरच्या उड्या, पाय कसे ठेवायचे, हवेत ठोसे, एवढंच असतं. क्लासचे जुने ग्लोव्हज वास मारतात, पण मिळतात. पोट्टी डिसेंबरच्या थंडीत पाचला उठते का, ते मला बघायचं होतं. उठली.

मग चूक मी केली. सीताबर्डीच्या बाजारातून साडेसहाशेचे ग्लोव्हज आणले. लाल, चकचकीत, वर १० औंस वजन छापलेलं. दहाव्या आठवड्यात अंगठ्याजवळची शिलाई उसवली. तिथे एकच टाका मारलेला आणि दोरा साधा सुती, घामाने कुजणारच. ते मी नायलॉनच्या दोऱ्याने शिवून दिलं. पण खरी गोष्ट वेगळीच होती. बोटांच्या सांध्यांवरचा फोम बसून पार पापडासारखा झाला होता. पोरगी सांगत नव्हती, पोळी लाटताना तिचे सुजलेले सांधे दिसले. तेव्हा किराणावाल्याच्या काट्यावर एक ग्लोव्ह ठेवून बघितला. १० औंस म्हणजे साधारण २८३ ग्रॅम व्हायला हवेत. भरले २३०.

दुसरे १२ औंसचे घेतले, सतराशे रुपये. हे घेताना दुकानात अर्धा तास घालवला, दुकानदार वैतागला, वैतागू दे. आधी सांध्यांच्या जागी अंगठ्याने जोरात दाबलं. आत घातलेल्या हाताला तो दाब टोचला नाही पाहिजे. अंगठ्याचा भाग मुख्य ग्लोव्हला पट्टीने जोडलेला आहे का ते पाहिलं, नाहीतर ठोसा मारताना अंगठा मागे मुरगळतो. शेवटी अस्तर उलटं करून टाके बघितले, दुहेरी होते. चार महिने झाले, फक्त मनगटाची चिकटपट्टी सैल पडली. ती मी दहा रुपयांत बदलली.

ग्लोव्हजच्या आत हाताला गुंडाळायच्या पट्ट्या मात्र विकत घ्यायची गरज नाही, असं मला वाटलं होतं. पट्टी लागते साडेचार मीटर लांब आणि पाच सेंटिमीटर रुंद, साडी असते साडेपाच मीटरची. मी जुन्या सुती साडीच्या लांब पट्ट्या काढल्या. दोन धुण्यांत त्यांचा दोर झाला, मनगटाला काचायला लागला. मग मांजरपाट घेतलं, कडा दुमडून शिवल्या, एका टोकाला अंगठ्यासाठी फास आणि दुसऱ्याला चिकटपट्टी. क्लासचे सर उलटसुलट बघून म्हणाले, "ताई, अजून चार जोड्या शिवून द्या, बाकी पोट्ट्यांनाही लागतात." ते काम चालू आहे. जोडीला सत्तर रुपये घेते.

शूज घेतलेच नाहीत. शाळेचे पांढरे पीटीचे कॅनव्हास शूज चालतात, कारण तळ सपाट आणि पातळ असतो. भावाने दिलेले पळण्याचे महागडे शूज उलट नडले. टाच जाड, पाय वळवताना अडकतो. माउथगार्ड अडीचशेचा, गरम पाण्यात बुडवून दातांवर बसवायचा. पहिला मी चहा ठेवल्यासारखा गॅसवर उकळत ठेवला आणि त्याचा गोळा झाला. पाकिटावरचे सेकंद मोजा, माझ्यासारखं करू नका.

आता ठोसे मारायची टांगती बॅग. ही मला सगळ्यात जमलेली गोष्ट. भरलेली बॅग परवडत नव्हती, म्हणून नऊशेचं रिकामं खोळ आणलं. शेजारचा एक जण म्हणाला, "वाळू भरा, फुकट येते." वाळू खाली जाऊन बसते, खालचा भाग दगड होतो आणि मनगट जातं. माझ्याकडे कतरन, म्हणजे शिलाईतून उरलेले कापडाचे तुकडे, पोत्यांनी पडलेली. ओळखीच्या तीन शिलाईवाल्या बायांकडूनही आणली. वजन पोरीच्या निम्मं, तेवीस किलोच्या आसपास ठेवलं. भरताना बटणं, हुक, चेन सगळं वेचून काढायचं. एक हुक राहिला तर खोळ आतून फाटतं. थोडं भरायचं, बत्त्याने ठासायचं, पुन्हा भरायचं. तरी महिन्याभरात कतरन वीतभर खाली बसली. वर अजून दोन किलो घातली, तेव्हापासून बरी आहे. मागच्या पडवीतल्या गर्डरला टांगली. दुपारी दोन ते चार ठोसे बंद, असं खालच्या काकूंशी ठरलंय.

उन्हाळ्याबद्दल थोडं. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, क्लास साडेपाचला सुरू होऊन सातला संपायचा, तरी ग्लोव्हज आतून ओले. मी आधी गच्चीवर उन्हात टाकले आणि रेक्झिनला भेगा पडू लागल्या. आता आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत दोरीला चिमट्याने लावते. पावसाळी दमटपणात बोळे दोनदा बदलावे लागतात. मे महिन्यात एकदा वजन कमी करायचं म्हणून हिने पाणी पिणं टाळलं होतं. त्या दिवशी सरांनी तिला आणि मला दोघींना झापलं, आणि बरोबरच केलं. वाढत्या वयात तिच्या वजनाला जो वजनगट बसेल त्यात खेळायचं, गटासाठी उपाशी राहायचं नाही.

आतापर्यंत सरांनी तिला समोरासमोर खेळू दिलेलं नाही. जुलैपासून देणार, म्हणून हेडगार्ड, म्हणजे डोक्याला घालायचं जाड कवच, घ्यायचाय. पोरगी म्हणते, "आई, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये हेडगार्ड नव्हतंच." पुरुषांना नव्हतं, बायांना होतं. एवढं मीही शोधून ठेवलं होतं. हेडगार्डने कापणं-खरचटणं वाचतं; डोकं आतून हलतं ते त्याने थांबत नाही, हे सरांनी स्वच्छ सांगितलंय. डोक्याला जोरात लागलं तर त्या दिवशी खेळ बंद, हे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.

बरा हेडगार्ड बाराशेला आहे. म्हणजे पंधरा साड्यांचे फॉल-पिको. नऊ झाल्यात.