पद्मिनी एकदम खोलायची की चालवत चालवत सावरायची?

दारात उभी असलेली प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट गाडी, नीट करायची तर वाटा दोन. एक, सगळी खोलून पत्र्यापर्यंत सोलायची. दुसरी, रस्त्यावर ठेवून टप्प्याटप्प्याने कामं काढायची.

निर्णय इंजिनावर घेऊ नका. ते १०८९ सीसीचं साधं इंजिन जाणता मिस्त्री कधीही उतरवून बांधून देईल. खरा प्रश्न पत्र्याचा. या गाडीला खाली वेगळी चासी, म्हणजे लोखंडी सांगाडा, नाही, बॉडीच सगळा भार पेलते. म्हणून आतलं मॅटिंग (तळाचं आच्छादन) उचला, ड्रायव्हरच्या पायाखाली आणि दाराखालच्या पट्टीवर स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहा. टोक आत गेलं, पुटीचा (पत्र्याचे खड्डे बुजवणाऱ्या लेपाचा) पापुद्रा सुटून लाल भुगा पडला, तर गाडी खोलण्यावाचून गत्यंतर नाही. वरून रंग मारणं म्हणजे गंज झाकून ठेवणं.

पत्रा खणखणीत असेल तर मात्र मी गाडी खोलू देणार नाही. आधी ब्रेक, मग वायरिंग, मग किंगपिन (पुढची चाकं ज्यावर वळतात ती खीळ), रंग सगळ्यात शेवटी. दर महिन्याला खर्च झेपतो, आणि गाडी चालवताना तिचं पुढचं दुखणं आपोआप कळतं. खोललेल्या गाडीचं तसं नसतं. पैसे संपले की काम थांबतं, बीडिंग (कडेच्या शोभेच्या पट्ट्या) आणि त्या धरणाऱ्या क्लिपा हरवतात. ही गाडी बनवणारा कुर्ल्याचा कारखाना केव्हाच बंद झालाय. हरवलेली क्लिप शोधत जुना बाजार पालथा घालावा लागतो.

खोलायचीच असेल तर प्रत्येक भागाचा फोटो काढा, पिशवीवर नाव लिहा आणि पिशव्या गॅरेजमध्ये न ठेवता घरी आणा.