मेमरी कार्डाशिवायची टीव्हीची डबी : नऊ महिन्यांनंतर

दोन वर्षांत तीन मेमरी कार्डं गेली. आमच्याकडे जळगावात उन्हाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नसतो. कार्डावर काही लिहिलं जात असताना गेली, की पुढच्या वेळी टीव्हीवर नुसता इंद्रधनुष्याच्या रंगांचा चौकोन. तिसऱ्या कार्डाच्या वेळी ठरवलं, आता कार्डच नको; डबीने आपली सगळी सिस्टीम केबलवरून घरच्या डेस्कटॉपकडून घ्यायची.

डबी म्हणजे टीव्हीमागचा रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक (पुढे नुसता ‘पाय’), दोन जीबी मेमरीचा. मागच्या खोलीत जुना डेस्कटॉप, त्यावर डेबियन लिनक्स आणि सिनेमा-नाटकांनी भरलेली ४ टीबीची डिस्क. दोघांमध्ये कॅट ६ केबल, कारण वायफायवरून हा पाय बूट होत नाही, म्हणजे सिस्टीम ओढून सुरू होत नाही. चालू झाला की तो डीएचसीपीने नेटवर्कवरचा स्वतःचा पत्ता मागतो, टीएफटीपी या साध्या फाइल-वाहतुकीने कर्नल (सिस्टीमचा गाभा) ओढून घेतो आणि पुढची सगळी लिब्रेइलेक, म्हणजे टीव्हीसाठीची छोटी लिनक्स सिस्टीम, एनएफएसवरून (नेटवर्कवरून वापरायच्या सामायिक फोल्डरातून) चालते. इंटरनेटवाल्यांनी दिलेल्या राउटरमध्ये बूट सर्व्हर सांगायची सोय नव्हती, म्हणून डेस्कटॉपवर डीएनएसमास्क हा छोटा प्रोग्राम प्रॉक्सी पद्धतीने, म्हणजे राउटरच्या जोडीला, लावला. पत्ता राउटरच देतो, ‘बूटच्या फायली इकडे मिळतील’ एवढंच डीएनएसमास्क सांगतो.

हे लिहायला सोपं, पण दोन रात्री गेल्या. पाय सर्व्हरवर स्वतःच्या सिरीयल नंबरातल्या शेवटच्या आठ अक्षरांच्या नावाचं फोल्डर शोधतो. मी तो नंबर मोबाइलवर काढलेल्या धूसर फोटोवरून उतरवला आणि ‘बी’च्या जागी ८ लिहिला. लॉगमध्ये ‘फाइल सापडली नाही’च्या ओळींवर ओळी. दुसरी रात्र एनएफएसच्या परवानग्यांची. लिब्रेइलेक सगळं रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून लिहिते, त्यामुळे सर्व्हरवर फोल्डर खुलं करणाऱ्या एक्सपोर्टच्या ओळीत रूटला मुभा देणारं ‘नो रूट स्क्वॉश’ नसेल तर कोडी, म्हणजे सिनेमे दाखवणारा प्रोग्राम, उघडतं, कोसळतं, पुन्हा उघडतं.

सगळ्यात उपयोगी पडली ती बूट ऑर्डर, म्हणजे सिस्टीम कुठे कुठे शोधायची याचा पायमधला क्रम. तिचे आकडे उजवीकडून डावीकडे वाचतात : १ म्हणजे कार्ड, २ म्हणजे नेटवर्क, आणि शेवटचा ‘एफ’ म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. मी २ आणि ‘एफ’ एवढेच ठेवले. लाइट आली की पाय क्षणात जागा होतो, डेस्कटॉपला मात्र चांगली दोन मिनिटं लागतात. तोवर पाय दार ठोठावत बसतो आणि सर्व्हर उठला की आत शिरतो. डेस्कटॉपच्या बायोसमध्ये (सुरुवातीच्या सेटिंगमध्ये) ‘वीज आली की आपोआप चालू’ हे तेवढं आठवणीने लावा. डेस्कटॉप आणि राउटर यूपीएसवर आहेत, त्यामुळे ही वेळ यूपीएसही संपला तरच येते. पायला यूपीएस नाही, आणि लाइट गेल्याचं त्याला सोयरसुतकही नाही.

बेडरूममधल्या जुन्या पीसीचं तसं नाही. तोही पीएक्सईने (पीसीच्या नेटवर्क-बूटच्या सोयीने) याच सर्व्हरवरून उठतो, पण सर्व्हर वेळेत भेटला नाही तर ‘पीएक्सई-ई५३’ ही चूक दाखवून गप्प. कोणीतरी उठून बटण दाबायचं.

खरा वैताग केबलचा. मार्चमध्ये झाडताना झाडूच्या दांड्याने प्लगची प्लास्टिकची खिट्टी तुटली. प्लग दिसायला जागेवर, पण ढिला. नाटक ऐन रंगात असताना चित्र थिजलं, रिमोटही मुका. प्लग दाबून बसवला तर थोड्या वेळाने जिथून थांबलं तिथूनच सुरू! कार्डावर चालणाऱ्या डबीचा निदान मेनू तरी हलला असता. पट्टीत झाकून केबल भिंतीवर चढवली तेव्हा कुठे घरात शांतता झाली.

वेगाचं म्हणाल तर बूट व्हायला कार्डापेक्षा पंधरा-वीस सेकंद जास्त. सुरुवातीला पोस्टरांची चित्रं फार रेंगाळत यायची. मधला जुना १०० एमबीपीएसचा स्विच काढून गिगाबिट लावला आणि ते संपलं. नवी आवृत्ती आली की सर्व्हरवर कर्नल आणि सिस्टीमच्या फायली हाताने बदलतो, जुन्या शेजारीच ठेवतो. एकदा नव्या आवृत्तीत आवाजच गेला होता, तेव्हा पाच मिनिटांत मागे आलो. वीजबिल वाढलंय, डेस्कटॉप दिवसरात्र चालू असतो. तुमच्याकडे चोवीस तास चालणारं यंत्र आधीपासून नसेल तर या भानगडीत पडू नका, चांगलं कार्ड आणि छोटा यूपीएस घ्या.

अण्णांना अजून पटत नाही की डबीत काहीच नाही. परवा पाहुणे आले तर त्यांनी ती उलटी करून कार्डाची रिकामी खाच दाखवली. केबल अर्थातच निसटली, आणि मला हाक आली.