फिरतं केंद्रक: पार्टिकल-रोटर घ्यावं की क्रँकिंग?

शिवाजी विद्यापीठातून एमएस्सी करून पीएचडीला लागलेली मुलं भेटली की हा प्रश्न हमखास निघतो: वेगाने फिरणाऱ्या अणुकेंद्रकाचा हिशेब मांडायला कोणतं मॉडेल शिकावं? पार्टिकल-रोटर आणि क्रँकिंग, दोन्हींवर माझी बरीच वर्षं गेली आहेत. नील्सनची चित्रं (लांबट केंद्रकातल्या कणांच्या ऊर्जांचे आलेख) आणि पेअरिंग (सारख्या कणांनी जोड्या बांधणं) तुम्हाला येतं असं धरून बोलतो.

पार्टिकल-रोटर मनाला लगेच पटतं. बोर आणि मॉटलसन यांच्या १९५३च्या कामातून आलेलं हे चित्र. फिरणारा एक गाभा, त्याच्याशी जोडलेला एखाददुसरा कण. स्पिन, म्हणजे केंद्रकाचा एकूण कोनीय संवेग, शेवटपर्यंत अचूक राहतो, त्यामुळे गॅमा संक्रमणांच्या तीव्रता, चुंबकीय आघूर्णं, विषम (एक कण जोडीविना उरलेल्या) केंद्रकाचे खालचे ऊर्जास्तर सरळ हाती येतात. त्रिअक्षीय (तिन्ही अक्ष वेगळ्या लांबीचे असलेल्या) केंद्रकांतल्या कायरल जोड-बँडांवर, म्हणजे डाव्या-उजव्या हातासारख्या स्तरमालिकांच्या जोड्यांवर, काम करणार असाल, तर पुढचं न वाचता हेच घ्या.

माझं बिनसलं ते डिस्प्रोसियम-१६१ वर. राजारामपुरीतल्या खोलीवर अख्खा पावसाळा त्यात गेला. शेजारच्या डिस्प्रोसियम-१६० चा पहिला उत्तेजित स्तर ८७ केईव्हीवर (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक) आहे. तेच जडत्व (फिरवायला होणारा विरोध) धरलं, तर १६१ मध्ये स्पिन ५/२ पासून ७/२ पर्यंतचं अंतर १०० केईव्हीच्या आसपास यायला हवं. प्रयोगात ते फक्त ४४ आहे. इथवर ठीक, कारण आय-१३/२ कक्षेतल्या न्यूट्रॉनवर कोरिऑलिस परिणाम (फिरण्यामुळे कणावर येणारा जोर) जबरदस्त होतो आणि स्तर दाबले जातात. पण तो पूर्ण ताकदीने घातला की माझे स्तर हवे त्यापेक्षा जास्त दबायचे. मग कोरिऑलिस पदाला ०.७ ने गुणायचं, की आकडे जुळले. शेजारचं केंद्रक घेतलं की गुणक पुन्हा बदलायचा.

गाईडनी वहीवर बोट ठेवून विचारलं, “हा ०.७ कुठून आणलास?”

“सगळेच लावतात, सर.”

“ते माहीत आहे मला. कुठून आला ते सांग.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. या दुखण्याला कोरिऑलिस ॲटेन्युएशन असं नाव आहे, त्यावर बरंच लिहिलं गेलंय, कारणंही सुचवली गेली आहेत. पण मला ते तेव्हा जे खुपलं, ते आजही खुपतं. गाभा वेगळा आणि कण वेगळा ही वाटणी आपण सोयीसाठी केलेली असते. गाभ्यातही तसलेच न्यूट्रॉन असतात.

इंग्लिसने १९५४ मध्ये मांडलेल्या क्रँकिंगमध्ये ही वाटणीच नाही. रसवंतीवाला हाताने चाक फिरवतो, तसं सगळं पोटेन्शियल बाहेरून ठरावीक गतीने फिरवायचं; त्या फिरण्याचा परिणाम प्रत्येक न्यूक्लिऑनवर, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनवर, सारख्याच नियमाने होतो. जडत्व बाहेरून घालावं लागत नाही, कणांच्याच हिशेबातून येतं. पेअरिंग सोडलं तर घन वस्तूइतकं, पेअरिंग घातलं की साधारण निम्म्यावर, म्हणजे प्रयोगात दिसतं त्याच्या जवळ.

१९७१ मध्ये स्टॉकहोमच्या गटाला डिस्प्रोसियम-१६० मध्ये बॅकबेंडिंग दिसलं: स्पिन वाढत असताना फिरण्याची गती वाढायची सोडून मागे वळते. पुढच्याच वर्षी स्टीफन्स आणि सायमन यांनी कारण मांडलं: आय-१३/२ न्यूट्रॉनांची एक जोडी सुटते आणि परिवलनाच्या अक्षाला लागून उभी राहते, त्यातून जास्तीत जास्त १२ एकक कोनीय संवेग मिळतो. बेंगट्सन आणि फ्राउएनडॉर्फ यांच्या १९७९च्या पद्धतीने आलेख काढला की हे दोन रेषांच्या छेदात दिसतं. विषम शेजाऱ्यात ती जागा एकट्या न्यूट्रॉनने आधीच अडलेली असते, म्हणून तिथे हा छेद उशिरा येतो. हे मी पहिल्यांदा माझ्याच आलेखावर पाहिलं, त्या रात्री झोप आली नाही.

क्रँकिंगची उणीव लहान नाही. स्पिन फक्त सरासरीने जुळतो, आणि बरोबर छेदाजवळ वेगवेगळ्या स्पिनच्या अवस्था एकमेकींत मिसळतात. तिथले आकडे मी वापरत नाही. छेदाच्या दोन्ही बाजू वेगळ्या काढतो. अगदी खालच्या स्तरांना आणि तीव्रतांना पार्टिकल-रोटरच बरं, हे मानतो.

तरी तुमचा डेटा स्पिन १० च्या वर जात असेल, तर माझं मत क्रँकिंगला. आधी डिस्प्रोसियम-१६० चा छेद काढा, मग त्याच पॅरामीटरवर १६१. मी तसं केलं तेव्हा खालचे स्तर थोडे चुकले, पण बँडाच्या दोन सिग्नेचर (एकाआड एक स्पिनच्या स्तरांच्या दोन मालिका) आपोआप वेगळ्या झाल्या, आणि त्या वहीत ०.७ कुठेच लिहावा लागला नाही.