फाइलपाशी थांबायचं की कागदापर्यंत जायचं? रासायनिक निःशस्त्रीकरणाचं दफ्तर लावताना

रासायनिक अस्त्रबंदीच्या वाटाघाटींत उमेदीची वर्षं घालवलेल्या एखाद्या मुत्सद्द्याची पन्नास खोकी तुमच्या ग्रंथालयात येऊन पडली आहेत आणि सूची तुम्हाला करायची आहे, असं धरू. आयसॅड-जी या दफ्तरांच्या वर्णनाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या पद्धतीनं दफ्तर, मालिका, फाइल असं उतरत फाइलपाशी थांबायचं, की एकेका कागदाची नोंद करून तिला देश, विषय, रसायन यांचे निर्देश, म्हणजे शोधशब्द, जोडायचे, हे पहिल्याच दिवशी ठरवावं लागतं. नंतर बदलणं फार महागात पडतं.

आधी वेळेचा हिशेब. खोक्यात ४०० कागद आणि कागदामागे पाच मिनिटं धरली, तर एका खोक्याला तेहतीस तास लागतात. पन्नास खोक्यांचे साडेसोळाशेच्या वर झाले, म्हणजे एका माणसाचं जवळपास वर्ष. खोक्यात बारा फायली आणि फाइलमागे वीस मिनिटं धरली, तर सगळं मिळून दोनशे तास. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुमच्या खोक्यांत कमीजास्त होतील. पण फरक आठपटीचा आहे.

कागदवार नोंदीच्या बाजूनं सगळ्यात जोरदार मुद्दा शोधण्याच्या सोयीचा. मस्टर्ड वायूचंच घ्या. फ्रेंच कागदात तो ‘इपेरिट’ असतो, कारण बेल्जियमचं इप्र हे रणांगण. जर्मन कागदात लोमेल आणि स्टाइनकॉफ या रसायनशास्त्रज्ञांच्या नावांवरून ‘लॉस्ट’, अमेरिकी कागदात नुसता ‘एचडी’. फाइलीच्या शीर्षकावर विसंबलात तर यातलं एकच नाव सापडेल. सगळी नावं एका ठिकाणी बांधायची तर सीएएस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाला दिलेला ठरावीक नोंदणी क्रमांक (मस्टर्डचा ५०५-६०-२), हा चांगला खुंटा. मात्र ही नामसूची एकदाच करायची असते आणि ती फाइलीच्या नोंदीलाही तितकीच जोडता येते. त्यासाठी वीस हजार कागद उपसायची गरज नाही.

विषयवार निर्देश फसवतात ते वेगळ्याच ठिकाणी. विषारी वायूंवरचा १७ जून १९२५ चा जिनिव्हा प्रोटोकॉल शस्त्रांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर देखरेख ठेवण्यासाठी भरलेल्या परिषदेत झाला. जंतूंचा उल्लेख त्यात पोलंडच्या सूचनेवरून आला. त्या परिषदेचे कागद तुम्ही ‘रासायनिक अस्त्रं’ या कप्प्यात काढून ठेवले, तर व्यापाराच्या चर्चेत वायूचा विषय कसा शिरला हे पुढच्या वाचकाला कधीच दिसणार नाही. पेशवे दफ्तरात बसलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको: रुमालातून, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यातून, कागद निघाला की त्याचा शेजार तुटतो.

आपल्या घरचंही उदाहरण आहे. ऑगस्ट १९९२ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांनी संयुक्त घोषणा केली, रासायनिक अस्त्रं बनवणार नाही, मिळवणार नाही, वापरणार नाही. आंतरराष्ट्रीय रासायनिक अस्त्रबंदी करार अमलात आल्यावर १९९७ मध्ये भारतानं स्वतःजवळ साठा असल्याचं जाहीर केलं आणि २००९ मध्ये तो नष्ट करून संपवला. आता १९९२ च्या कागदाला ‘साठा – भारत’ हा निर्देश द्यायचा का? मी देणार नाही. त्या कागदात ते नाही आणि नंतरचं ज्ञान आधीच्या कागदावर चिकटवणं सूचीकाराचं काम नव्हे. फाइलपाशी थांबलात तर हा पेच फारसा उभाच राहत नाही.

संस्थांची नावं हा आणखी एक चकवा. जिनिव्हातल्या वाटाघाटींच्या मंचाची कागदपत्रं १९६२ पासून ईएनडीसी (अठरा राष्ट्रांची निःशस्त्रीकरण समिती), १९६९ पासून सीसीडी (निःशस्त्रीकरण समितीची परिषद) आणि १९७९ पासून सीडी (‘कमिटी ऑन डिसआर्मामेंट’) या खुणेनं येतात. १९८४ मध्ये नावातल्या ‘कमिटी’च्या जागी ‘कॉन्फरन्स’ आलं, अक्षरं मात्र तीच राहिली. हे गणगोत एका अधिकृत नामनोंदीत लिहून ठेवा. दोन्ही पद्धतींत ते लागतंच, आणि वाचकाचा वेळ त्यानं जितका वाचतो तितका दुसऱ्या कशानं वाचत नाही.

मग कागदवार नोंद कुठेच करायची नाही? करायची, पण बहुतेक जण करतात त्याच्या बरोबर उलट्या ठिकाणी. हाताशी सोपे म्हणून लोक क्रमांकित कागदांपासून सुरुवात करतात. सीडी/५०० हा अमेरिकेनं मांडलेला कराराचा १९८४ चा मसुदा. त्याला क्रमांक आहे, तारीख आहे, प्रती जगभर आहेत. तुमची नोंद त्यात काय भर घालणार? एका ओळीत ‘सीडी मालिका, अमुक ते अमुक’ लिहा आणि पुढे चला. मेहनत खर्चायची ती बिनक्रमांकाच्या कागदांवर: बैठकीच्या मधल्या सुट्टीत फिरवलेलं टिपण, अध्यक्षांच्या मसुद्यावरची पेन्सिलची खाडाखोड, शिष्टमंडळाच्या आतल्या चिठ्ठ्या. त्यांची प्रत कदाचित फक्त तुमच्याच खोक्यात असेल.

एक सावधगिरी. या करारावर देखरेख ठेवणाऱ्या द हेगमधल्या ओपीसीडब्ल्यू या संस्थेची गोपनीयतेची श्रेणी आहे: रिस्ट्रिक्टेड, प्रोटेक्टेड, हायली प्रोटेक्टेड. असा शिक्का असलेला कागद खाजगी खोक्यात सापडला तर आधी सल्ला घ्या, नंतर नोंद करा. कागद कुलपात ठेवून त्याचं सविस्तर शीर्षक सूचीत छापलं, तर शीर्षकातलं कारखान्याचं नाव बाहेर गेलंच. इथे फाइलीची मोघम नोंद हाच शहाणपणा.

म्हणून माझा कौल फाइलपाशी थांबण्याला, आणि वाचलेल्या तासांतून बिनक्रमांकाच्या कागदांची एकेक नोंद. त्यांतल्या पुष्कळांवर तारीख नसेल. तिथे ‘रोलिंग टेक्स्ट’ कामी येतो. कराराचा हा मसुदा १९८४ पासून परिषदेच्या रासायनिक अस्त्रांवरील तदर्थ समितीच्या वार्षिक अहवालाला जोडलेला असे; एकमत झालेला मजकूर पहिल्या जोडपत्रात, बाकीचा दुसऱ्यात, आणि वादाचे शब्द चौकोनी कंसात. टिपणात ज्या कलमावर भांडण चाललंय ते कोणत्या वर्षीच्या मसुद्यात कंसात होतं आणि कोणत्या वर्षी कंस सुटला हे ताडून पाहिलं की वर्ष बहुतेक हाती लागतं. ते वर्ष कागदावरचं नाही, ताडून काढलेलं आहे, म्हणून तुमच्या सूचीतही चौकोनी कंसातच लिहा.