डीजे मिक्स रेकॉर्ड करताना: सॉफ्टवेअरचं बटण की ऑडॅसिटी?

लॅपटॉप आणि कंट्रोलर (डीजे सॉफ्टवेअर चालवायचं नॉब-बटणांचं यंत्र) एवढ्यावरच वाजवत असाल, तर व्हर्च्युअल डीजे किंवा सेराटो डीजे प्रो अशा डीजे सॉफ्टवेअरमधलं रेकॉर्डिंगचं बटण दाबा. आवाज लॅपटॉपच्या आतच फाइलमध्ये जातो, त्यामुळे वायरची गुणगुण नाही, साउंडकार्ड निवडण्याची कटकट नाही.

पण माइक तपासाच. अनेक कंट्रोलरमध्ये माइकचा आवाज यंत्रातच मिसळून थेट स्पीकरला जातो, सॉफ्टवेअरपर्यंत पोचतच नाही. मग गाणी स्वच्छ येतात, निवेदन गायब! शिवाय स्ट्रीमिंगवरचं गाणं डेकवर (सॉफ्टवेअरमधल्या प्लेअरवर) असलं की काही सॉफ्टवेअर रेकॉर्डिंगच करू देत नाहीत.

वेगळा मिक्सर किंवा टर्नटेबल असेल तर मात्र मला ऑडॅसिटी हे आवाज रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअरच पटतं, आणि ते फुकटही आहे. मिक्सरच्या 'रेक आउट'मधून (रेकॉर्डिंगसाठीच्या आउटपुटमधून) वायर काढून ऑडिओ इंटरफेसच्या (लॅपटॉपला जोडायच्या बाहेरच्या साउंडकार्डच्या) लाइन इनला लावा. माइक इनला नको, तिथे आवाज फाटतो. रेक आउटवर बहुतेक मिक्सरमध्ये मास्टरच्या नॉबचा परिणाम होत नाही, म्हणजे हॉलचा आवाज कमी केला तरी रेकॉर्डिंग तसंच राहतं. सगळ्यात जोरकस गाणं लावून बघा आणि मीटर उणे 6 डेसिबलच्या आसपास ठेवा. आवाज हळू असला तर नंतर वाढवता येतो, फाटलेला नीट सांधता येत नाही.

जागा दोन्हीकडे लागतेच: सीडीच्या दर्जाची वेव्ह फाइल तासाला साधारण 600 एमबी. एमपी3 नंतर करा.